भोरमध्ये आठ दिवस, न भांडता

पुण्यापासून दीड-दोन तासांवर स्वस्तात, शांततेत, ‘मातीशी नातं जोडून’ राहायला जागा शोधताय? असले व्हिडिओ मीही ढिगानं बघितलेत. त्यात एक दाढीवाला माणूस पितळी पेल्यातून चहा पितो आणि म्हणतो, शहर सोडा मित्रांनो. व्हिडिओ संपला की तो बाणेरच्या फ्लॅटवर जातो. मी मात्र खरंच गेलो. मातीशी नातं वगैरे काही नाही, मला एका मुलीशी नातं जोडायचं होतं.

‘आठ दिवस,’ वृषाली म्हणाली होती. ‘आमच्या आळीत राहायचं. कुणाशी भांडायचं नाही. आणि तू माझ्यासाठी आलायस हे कुणाला कळता कामा नये. एवढं जमलं तर तात्यांशी मी स्वतः बोलते.’

तात्या म्हणजे तिचे वडील. आणि भांडायचं नाही ही अट का, ते सांगायला हवं. वृषाली रोज भोरहून एसटीनं पुण्याला कॉलेजात येते आणि रोज पहिल्या तासाला उशिरा पोचते. मागच्या वर्षी एकदा सर तिला भर वर्गात म्हणाले, ‘या. तुमची एसटी कालच निघाली होती का?’ वर्ग हसला. मी उठलो. सरांना सुनावलं, तिथून प्राचार्यांच्या केबिनपर्यंत सुनावत गेलो, माफीनाम्यावर सही करायला नकार दिला आणि बीएस्सी दुसऱ्या वर्षात अर्धवट सोडून धनकवडीला घरी आलो. वाटलं, आता वृषाली धावत येईल. ती दुसऱ्या दिवशी तासाला गेली. नेहमीसारखी उशिरा.

तर, शनिवार. बाबांची जुनी मोटारसायकल, मागे बांधलेली गादी, पाठीवर सॅक. खेड शिवापूरच्या नाक्यावर दुचाकीला टोल नाही, हा या प्रवासातला एकमेव क्षण जिथं सरकारला माझी कीव आली. पुढं कापूरहोळला उजवीकडं भोरचा फाटा लागतो. ‘लागतो’ असं नकाशा म्हणतो. मी हेल्मेटच्या आत तात्यांसमोर करायच्या भाषणाची तालीम करत होतो, त्यामुळे सरळ किकवीत पोचलो. पोचलोच आहे तर मिसळ खाल्ली. ऐंशी रुपये, तर्री मागाल तेवढी, पाव कालचे.

‘भोरला जायाचंय? मग हितं कशाला आला?’ हॉटेलवाल्यानं गादीकडं बघत विचारलं.

‘फाटा चुकला.’

‘येवढा मोठा फाटा दिसला न्हाई?’

‘विचारात होतो.’

‘लगीन ठरलंय व्हय?’

‘नाही अजून.’

‘मग तर अवघड हाये,’ तो म्हणाला आणि दुसऱ्या टेबलाकडं गेला.

आळीचं नाव मी देणार नाही. का, ते पुढं कळेल. भोर गावात, बाजारापासून दहा मिनिटं चालत. कोणे एके काळी इथं काड्यापेटीचा कारखाना होता आणि त्याच्या कामगारांसाठी मालकानं समोरासमोर दोन ओळींत अठरा खोल्या बांधल्या. कारखाना वृषालीच्या जन्माआधीच बंद पडला, खोल्या कामगारांच्याच नावावर झाल्या. दहा बाय बारा, वर मंगलोरी कौलं, कोपऱ्यात मोरी, दारात ओटा. मी घेतलेल्या अकरा नंबरचा मालक आता कात्रजला राहतो. फोनवर म्हणाला, ‘आठ दिवसांचं काय भाडं घ्यायचं? पाचशे द्या आणि जाताना झाडून जा.’ पुण्यात पाचशे रुपयांत आठ दिवस कुणी गाडीसुद्धा लावू देत नाही.

समोरच्या एक नंबरच्या ओट्यावर हिराकाकू तांदूळ निवडत बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या, आवाज मात्र कारखान्याच्या भोंग्याचा. मी गादी उतरवायच्या आत त्यांनी चौकशी सुरू केली.

‘काय करता तुमी?’

‘लिहितो. प्रवासवर्णन.’

‘मंजी कुठं गेला, काय खाल्लं, त्ये?’

‘तसंच.’

‘मग हितं येऊन काय लिवनार? हितं आमी कुठंच जात न्हाई.’

तीन खोल्या पलीकडून, चौदा नंबरच्या दारातून, वृषालीनं हे ऐकलं. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं मी मीटर वाचायला आलोय. अभिनय इतका उत्तम की मला आतून थोडं लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मोटरची घरघर ऐकून जाग आली. खोल्यांत नळ नाहीत. आळीच्या मधोमध एक नळ आहे, पाणी कारखान्याच्या जुन्या विहिरीचं, मोटर दीड तास चालते आणि तिची किल्ली हिराकाकूंच्या कमरेला. नळासमोर हंडे, कळश्या, प्लॅस्टिकच्या घागरी ओळीनं मांडलेल्या. दुसऱ्या नंबरचा हंडा भरत होता, त्याच्यामागं थोडी जागा दिसली. मी माझी बादली ठेवली. सगळी आळी बघायला लागली.

‘तुजी शिप कंची?’ हिराकाकूंनी विचारलं. शनिवारचं ‘तुमी’ एका बादलीत संपलं होतं.

शिप म्हणजे शिफ्ट. कामगारांनी हा शब्द कारखान्यातून घरी आणला आणि परत नेलाच नाही. तर भानगड अशी: एक ते सहा नंबरच्या खोल्या पहिल्या शिपच्या, त्यांना पाणी आधी. सात ते बारा सेकंड शिप. तेरा ते अठरा थर्ड शिप, सगळ्यांत शेवटी. कारखाना जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली, पण नळावर तिन्ही शिफ्ट रोज हजर.

‘काकू, पण कारखाना तर बंद आहे ना?’

‘कारखाना बंद हाये. नळ कुठं बंद हाये?’

‘आणि मी तर कधी कामालाच नव्हतो.’

‘खोली व्हती की. खोलीची शिप खोलीसंगं जाती. अकरा नंबर सेकंड शिप. उचल बादली.’

मी उचलली. बघा, भांडलो नाही. एक दिवस जमा.

सोमवारी मात्र डोकं तापलं. सव्वासहाची एसटी भोर स्टँडवरून निघते, ती धरली तर साडेआठच्या तासाला पोचता येतं. पुढची सातची, ती कात्रजच्या गर्दीत अडकून सव्वानऊला टेकवते. चौदा नंबर थर्ड शिप. तात्यांचा गुडघा गेलेला, आई वृषालीच्या लहानपणीच गेली, त्यामुळे पाणी तिच्यावर. पावणेसातला तिचा हंडा नळाखाली गेला. दोन खेपा करून, दप्तर पाठीला मारून, पदार्थविज्ञानाच्या कुठल्याही नियमात न बसणाऱ्या वेगानं ती स्टँडकडं पळाली. आणि हिराकाकू, ज्यांना दिवसभर कुठंच जायचं नव्हतं, त्या सहाच्या आत पाणी भरून ओट्यावर चहा पीत होत्या.

म्हणजे ज्या उशिरामुळे वर्ग हसला, ज्याच्यापायी माझं कॉलेज गेलं, त्याचं मूळ हे! एका मेलेल्या कारखान्याचं वेळापत्रक! मी ओट्यावर बसून दात खाल्ले. तो दिवस मी निव्वळ दात खाऊन काढला.

मंगळवारी तात्या स्वतःच माझ्या दारात आले. ‘लेखक, गाडी रिकामीच हाये का? विंझरला बहिनीकडनं तांदूळ आनायचा व्हता. पेट्रोल माजं.’

भाषणाची संधी चालून आली होती. भोरहून परत कापूरहोळ, हायवेनं नसरापूर फाटा, तिथून आत वेल्ह्याचा रस्ता. थंडीचे दिवस, भाताची कापणी झालेली, खाचरांत नुसते बुडखे. रस्ता बरा आहे, पण डोळे रस्त्यावर राहत नाहीत, कारण दर शंभर फुटांवर फ्लेक्स. निसर्गाच्या कुशीत प्लॉट. ढगांच्या शेजारी प्लॉट. किल्ल्याच्या नजरेत प्लॉट. एका फ्लेक्सवर तर हरीण होतं. तात्या मागून म्हणाले, ‘साठ वर्षं झाली, म्या हितं हरीन बगितलं न्हाई. प्लॉट घेतल्यावर देत असतील.’ थोड्या वेळानं परत म्हणाले, ‘माझ्या भाच्यानं डोंगराची जिमीन इकली. आता त्याच डोंगरावर वॉचमन हाये. रोज गेट उघडतो. आपल्याच बांधावर सलाम ठोकतो.’

पानशेतच्या बाजूला विकएंडला आलेले लोक ‘चुलीवरची’ पाटी बघून तासभर थांबतात आणि भाकरीचे फोटो काढतात. विंझरला तात्यांच्या बहिणीनं चुलीवरच तांदळाची भाकरी केली, पावट्याचं कालवण आणि ठेचा वाढला, आणि फोटो काढायला मोबाईल काढला तर म्हणाली, ‘आदी खा. गार झाल्यावर काड फोटू, त्याला काय चव लागती व्हय?’

परतताना नसरापूरला चहा घेतला. म्हटलं, आता भाषण. पण तोंडातून निघालं भलतंच. ‘तात्या, तुमची थर्ड शिप कायम शेवटी का? अन्याय नाही का हा?’

तात्यांनी बशीत चहा ओतला. ‘अन्याव कसला? थर्ड शिपचा मानूस सकाळी सात वाजता सुटायचा. अंगाला सगळा गंधकाचा वास. घरी आला की ताजं पानी आंगोळीला तयार. म्हनून आमाला शेवटी. आमीच मागून घेतलंतं.’

‘पण आता कुणी सुटत नाही ना सातला!’

‘न्हाई सुटत,’ तात्या म्हणाले. ‘पन मोडायचं कुनी? पैल्यानं मोडलं तर दांडगाई, शेवटच्यानं मोडलं तर हावरटपना.’ आणि माझ्याकडं बघून पुढं, ‘लेखक मानूस हायेस तू. पन तुजं ध्यान नळावर लई असतं.’

मी चहाचे पैसे द्यायला पळालो.

त्याच दिवशी वृषालीचा मेसेज आला: ‘गुरुवारी नऊला प्रॅक्टिकल. तोवर मेसेज नको.’ झालं. सातची एसटी सव्वानऊला पोचवणार आणि प्रॅक्टिकल नऊला. माझ्या डोक्यात हिशेब पक्का बसला. मेसेज नको म्हणाली म्हणून मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर, नको म्हणाली नसती तरी विचारलं नसतं. विचारायचं काय त्यात? दिसत होतं ना.

बुधवारी संध्याकाळी तात्या लंगडत हिराकाकूंच्या ओट्यावर गेले. बराच वेळ हळू आवाजात काही बोलत होते, हात जोडल्यासारखे. हिराकाकू मान हलवत होत्या. मला दारातून ते दिसलं आणि रक्त उसळलं. एवढा मोठा माणूस, त्या बाईपुढं हात जोडतोय! आणि ती मानेनंच नाही म्हणतेय!

गुरुवार, सहावा दिवस. मी पाचलाच उठलो. चौदा नंबरच्या ओट्यावर वृषालीचा हंडा पालथा घातलेला होता. तो उचलला. नळाखाली हिराकाकूंचे दोन हंडे आदल्या दिवसापासून रांगेत पहिले, कानाला लाल चिंधी बांधलेले. ते उचलून पार शेवटी, अठरा नंबरच्या मागं नेऊन ठेवले आणि वृषालीचा हंडा पहिला लावला. मग त्याच्याशेजारी उभा राहिलो. पुतळाच, फक्त घोडा नव्हता.

साडेपाचला हिराकाकू मोटर लावून आल्या.

‘माजं हंडं कुनी सरकीवलं?’

‘मी.’

‘का रं?’

वाचकहो, सहा दिवसांचं साठलेलं होतं. मी कारखान्यापासून सुरुवात केली आणि अर्ध्या तासानं माणुसकीपर्यंत पोचलो. मेलेल्या भोंग्याची गुलामी, म्हाताऱ्या माणसाला हात जोडायला लावणं, एका शिकणाऱ्या मुलीचं नुकसान, काही सोडलं नाही. हिराकाकू मध्येच ‘आरं ऐक तरी, आरं येड्या’ म्हणत होत्या, तर मी आवाज आणखी चढवला. लोक बाहेर आले. कुणीतरी वृषालीचा हंडा उचलायला हात घातला आणि मी ओरडलो, ‘हात लावू नका! वृषालीच्या हंड्याला हात लावायचा नाही! वृषालीसाठी आलोय मी इथं, तिच्यासाठी कॉलेज सोडलंय, कुणाला घाबरत नाही!’

नळ तेवढा वाहत होता.

‘झालं?’ हिराकाकू म्हणाल्या. एरवी भोंगा असलेला आवाज एकदम खाली आला होता. ‘आरं, तिच्यासाठीच भरनार व्हते म्या माज्या त्या हंड्यात पानी. काल तिच्या बापानं शिप बदलून मागितली. म्या व्हय म्हनलं. पोरगी जागा धराया पाचाच्या आदीच स्टँडवर गेली.’

शिप बदलून मागणं. कारखान्यापासूनची रीत. परीक्षा असो, दवाखाना असो, पाहुणे असोत, आदल्या संध्याकाळी जाऊन विचारायचं, समोरचा आपली शिप देतो. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. हात जोडले होते ते नमस्काराचे. मान हलवली होती ती होकाराची. हे मी विचारलं असतं तर पाच वर्षांच्या पोरानंही सांगितलं असतं.

आणि तेवढ्यात आळीच्या तोंडाशी वृषाली दिसली. पाठीला दप्तर, हातात पांढरा कोट. स्टँडवर कुणीतरी तिला गाठलं होतं: तुमच्या दारात भांडण लागलंय, तुझं नाव घेतायत. तिला वाटलं तात्यांना काही झालं. ती परत पळत आली होती आणि तोवर सव्वासहाची एसटी निघून गेली होती.

तिच्या आधी तात्या बोलले. ‘जे बोलायाचं ते नंतर बोलू. आदी हिला पोचीव. गाडी काड.’

अशा रीतीनं, ज्या मुलीला मागे बसवून भोर ते पुणे जायचं स्वप्न मी वर्षभर बघत होतो, तिला अठरा घरांच्या देखत मागे बसवून निघालो. तिनं सॅक आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. कापूरहोळ, नसरापूर, खेड शिवापूर मागे पडलं. कात्रजच्या बोगद्यात मी म्हटलं, ‘थंडी वाजतेय का?’ तिनं मधली सॅक आणखी माझ्याकडं सरकवली.

साडेआठला कॉलेजच्या गेटवर पोचलो. प्रॅक्टिकलला अर्धा तास होता. ती उतरली, कोटाची घडी नीट केली आणि मग बोलली.

‘माझ्यासाठी कॉलेज सोडलंस. माझ्यासाठी हंडा सरकवलास. एकदा तरी मला विचारलंस?’

‘तू उशिरा पोचली असतीस...’

‘मी तीन वर्षं उशिरा पोचतेय आणि तीन वर्षं पास होतेय. तू मला वाचवायला येतोस आणि मग मला तुझं निस्तरायला लागतं. आज आळीत माझ्या बापाला काय काय ऐकावं लागेल, माहितेय?’ मग बोटावर मोजल्यासारखं म्हणाली, ‘आठ दिवस म्हटलं होतं, ओंकार. सहावा होता.’

ती आत गेली. मी गेटबाहेर. वॉचमननं मला ओळखलं आणि हसला. अजून एक माणूस माझ्यावर हसणारा, पण या वेळी मी उठून सुनावलं नाही.

पळून घरी जाता आलं असतं, धनकवडी दहा मिनिटांवर होती. पण गादी भोरला होती, आणि पाचशे रुपयांच्या करारात झाडून जाणं होतं. दुपारी परत आळीत शिरलो तर हिराकाकूंनी ओट्यावरनं हाक मारली. ‘ये, म्हाराज. आज कुनाला वाचवायचं राहिलंय?’ मी त्यांच्या पायाशी वाकलो. त्या म्हणाल्या, ‘पाया नको पडू, पाय दुखत्यात. च्या घे.’

चौदा नंबरच्या दारात उभा राहिलो. भोरच्या वाटेवर पाठ केलेलं भाषण आता कुठल्या तोंडानं करणार?

‘तात्या, चुकलं.’

‘चुकलंच,’ ते म्हणाले. पेपर खाली ठेवला नाही. ‘तुजं ध्यान कुठं हाये ते मला पैल्या दिशीच कळलंतं. म्हनलं, बगू पोरगं किती दम काडतंय. सा दिवस काडलास. माज्या अंदाजानं तीनच व्हतं.’ मग पेपरामागूनच, ‘पोरगी परीक्षा हुईस्तोवर मावशीकडं पुन्यात ऱ्हानार हाये. आता पानी कोन भरनार?’

उरलेल्या दोन सकाळी थर्ड शिपला, सगळ्यांच्या मागे, मी चौदा नंबरचं पाणी भरलं. नळावर रोज टोमणे. ‘लेखक, माजा हंडा सरकीव की जरा.’ ‘आज भाशान न्हाई व्हय?’ मी हंडा भरत राहिलो. एकाच हंड्याच्या दोन खेपा, खांदा अजून दुखतोय.

निघताना हिराकाकू म्हणाल्या, ‘लिव काय लिवायचं ते. पन आळीचं नाव नको. मागं एकजन मोबाईलवर दाखवून गेला, स्वस्त हाये म्हनून. पुन्यातली लोकं खोल्या मागत आली. दोन खोल्यांचं भाडं दुप्पट झालं. आन् त्यास्नी शिप नको, दारात टाकी पायजे.’

म्हणून नाव नाही. तुम्हाला जायचंच असेल तर भोर मोठं आहे, स्टँडजवळ लॉज आहेत, आणि ढगांच्या शेजारी प्लॉट तर भरपूर आहेत, हरणासकट.

घरी येऊन आता दहा दिवस झाले. आमच्याकडं चोवीस तास पाणी येतं आणि तरी साडेपाचला जाग येते. काल आईनं मला स्वयंपाकघरात नळासमोर नुसता उभा बघितला आणि बाबांना हाक मारली. सरांची माफी मी अजूनही मागणार नाही, तिथं बरोबर मीच होतो. पण तेव्हा वर्गात उठण्याआधी मागे वळून वृषालीच्या चेहऱ्याकडं एकदा बघायला हवं होतं, हे मला आता एवढ्या उशिरा सुचतंय.

परवा तिची परीक्षा संपली. काल संध्याकाळी मी मेसेज केला. चार वेळा लिहून पुसला, शेवटी एवढाच ठेवला: ‘उद्या सकाळी भेटशील का? नको असेल तर नको. आदल्या दिवशी विचारतोय.’

तासाभरानं उत्तर आलं.

‘सकाळी नाही. थर्ड शिपला बघू.’

थर्ड शिप सगळ्यांत शेवटी असते. पण मोटर बंद व्हायच्या आत तिचाही हंडा भरतो, हे मी स्वतःच्या खांद्यावर वाहून बघितलंय. आज दिवसभर फोन हातात धरून बसलोय, आणि कुणाशीही भांडलेलो नाही.